एका सेल्फमध्ये इंजिन चालू होतं, मग बॅटरी कामून बदलायची?

छोट्या विमानांच्या देखभालीविषयी वाचकांचे प्रश्न

ऊन तापायला लागलं की या सदराकडे बॅटरीची पत्रं वाढतात. यंदाही तसंच झालं. लातूरचं पत्र आधी घेतो. त्यातला प्रश्न छोटं विमान बाळगणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मला कधी ना कधी विचारलेला आहे, आणि त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नाही.

प्रश्न : आम्हा तिघा मित्रांचं मिळून १९७९ सालचं सेसना १७२ आहे. लातूरला पत्र्याच्या शेडमध्ये असतं. बॅटरी सीलबंद, २४ व्होल्टची, तिसरं वर्ष चालू आहे. एका सेल्फमध्ये इंजिन चालू होतं. तरी वार्षिक तपासणीत आमच्या इंजिनिअरसाहेबांनी कपॅसिटी टेस्ट घेतली आणि म्हणाले, ‘३१ मिनिटांत बसली, बदला.’ नवी बॅटरी बाहेरच्या देशातून येणार, खर्च मोठा. चांगली चालणारी बॅटरी फेकून द्यायची का? (एक डॉक्टर, लातूर)

उत्तर : डॉक्टरसाहेब, बदला. तुमच्या इंजिनिअरने बरोबर सांगितलं आहे आणि असा माणूस तुम्हाला मिळाला याचं मला समाधान वाटतं.

इंजिन चालू करणं हे बॅटरीचं त्यातल्या त्यात सोपं काम. सेल्फला करंट भरपूर लागतो, पण काही सेकंदच. अर्धीअधिक संपलेली बॅटरीसुद्धा तेवढं करून दाखवते, त्यातून आपल्याकडच्या उन्हाळ्यात इंजिनचं ऑइल आधीच पातळ असतं. बॅटरीची खरी गरज लागते ती हवेत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, बंद पडल्यावर. तुमचं इंजिन थांबणार नाही, ती काळजी नको. तुमच्या लायकमिंग इंजिनच्या ठिणग्या मॅग्नेटोच्या, तो इंजिनच्या फिरण्यावरच वीज बनवतो, त्याला बॅटरीशी देणंघेणं नाही. पण रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख देणारी पेटी), दिवे, पेट्रोलचे काटे आणि १७२ चे फ्लॅप (उतरताना खाली करायच्या पंखांच्या पट्ट्या) हे सगळं विजेवर चालतं. अल्टरनेटर गेला की त्या घटकेपासून यातला प्रत्येक अँपिअर बॅटरीतून येतो.

आता हिशेब करा. लातूरहून छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या विमानाला साधारण तासभर. समजा बीडच्या पुढेमागे अल्टरनेटर गेला. लो-व्होल्टेजचा लाल दिवा लागेल, पण भर दुपारच्या उजेडात तो लगेच नजरेत येतोच असं नाही. तुमच्या बॅटरीवर १३.६ अँपिअर-अवर लिहिलेलं आहे असं धरू, म्हणजे शाबूत असताना ती १३.६ अँपिअर तासभर देते. चाचणीत तेवढ्याच करंटला ती ३१ मिनिटांत बसली, म्हणजे तिच्यात खरे उरले आहेत सातच. विमानातल्या वस्तू मिळून १२ अँपिअर खात असतील, तर पस्तीस मिनिटांत सगळं संपलं. दिवा दिसायला दहा मिनिटं गेली तर राहिली पंचवीस. चिकलठाण्याला मोठी प्रवासी विमानं येतात-जातात, टॉवरशी बोलल्याशिवाय तिथे शिरता येत नाही, आणि बोलण्यासाठी बटण दाबलं की रेडिओ ऐकण्यापेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो. शेवटी फ्लॅपची मोटर. नेमकं त्याच वेळी बॅटरी हात वर करते. हीच बॅटरी शाबूत असती तर त्याच बोजावर तासाच्या वर चालली असती आणि तुम्ही निवांत उतरला असता. हिशेब ढोबळ आहे, पण फरक ढोबळ नाही.

म्हणून बॅटरी बनवणारे आपापल्या पुस्तकात हद्द घालून देतात. कॉन्कॉर्डच्या पुस्तकात ती लिहिलेल्या क्षमतेच्या ८५ टक्के आहे, गिलच्या पुस्तकात ८०. त्याखाली गेलेली बॅटरी उडण्यालायक राहत नाही, मग सेल्फ कितीही जोरात फिरो. तुमची ५२ टक्क्यांच्या आत आहे.

चाचणी एकदा समोर उभं राहून पाहाच, अशी विनंती आहे. बॅटरी पूर्ण भरायची, थोडी विसावू द्यायची, मग तिच्यावर लिहिलेल्या क्षमतेइतकाच स्थिर करंट ओढायचा. १३.६ अँपिअर-अवरची असेल तर १३.६ अँपिअर. घड्याळ लावायचं आणि व्होल्टमीटर २० वर येईपर्यंत थांबायचं. चांगल्या बॅटरीचा काटा बोजा लावताक्षणी थोडा खाली येतो आणि मग बराच वेळ जागचा हलत नाही. शेवटच्या काही मिनिटांत मात्र भराभर उतरतो. ५१ मिनिटं टिकली तर ८५ टक्के. मेलेल्या बॅटरीत बऱ्याचदा बारापैकी एखादाच सेल दगा देतो. काटा नीट उभा असतो आणि अचानक दोन व्होल्ट खाली पडतो. असा पडलेला काटा ज्याने पाहिला, तो मग ‘सेल्फ तर चांगला फिरतो’ असं म्हणत नाही. आणखी एक सांगतो. ही चाचणी भर उन्हाच्या वेळी पत्र्याच्या शेडमध्ये घेऊ नका. तापलेली बॅटरी तात्पुरती जास्त क्षमता दाखवते आणि तिला उगंच जास्त गुण मिळतात. खोलीच्या तापमानाला आणलेली बॅटरीच खरं बोलते. नुसतं व्होल्टेज मोजून तर काहीच ठरत नाही. विसावलेली, भरलेली सीलबंद २४ व्होल्टची बॅटरी साधारण २६ च्या आसपास दाखवते, पण क्षमता गमावलेली बॅटरीही भरल्यावर तोच आकडा दाखवू शकते.

तिसऱ्याच वर्षी का गेली, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायला हवं, नाहीतर नवीही तशीच जाईल. पहिलं कारण ऊन. शिशाच्या बॅटरीत जे काही गंजणं-झिजणं चालतं, त्याचा वेग तापमान दहा अंशांनी वाढलं की जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात लातुरात सावलीतच चाळीसच्या वर असतं, मग पत्र्याखाली किती असेल ते तुम्हीच जाणता. शिवाय १७२ ची बॅटरी बसते पुढे, फायरवॉलला (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्याला) लागून. उतरल्यावर इंजिन बंद केलं की काउलिंगमधली, म्हणजे इंजिनवरच्या झाकणातली, सगळी धग तिला मिळते. विमान सावलीत उभं करून मालकाच्या मॅन्युअलप्रमाणे काउलचं दार थोडा वेळ उघडं ठेवलं तर तेवढाच तिला दिलासा. उडताना मात्र ते बंद आणि लॉक केल्याची खात्री करून घ्या.

दुसरं कारण चार्जिंगचं व्होल्टेज. प्रत्येक निर्माता तापमानाप्रमाणे रेग्युलेटरचं व्होल्टेज किती असावं याचा तक्ता देतो. गरम हवामानात ते थोडं खाली ठेवायचं असतं. तुमच्या इंजिनिअरला तेवढं मोजायला सांगा. इकडच्या उन्हात ते वरच राहिलं, तर प्रत्येक उड्डाणात बॅटरी थोडी थोडी उकळत राहते. सीलबंद बॅटरीत गेलेलं पाणी परत भरता येत नाही.

तिसरं कारण नुसतं उभं राहणं. तुम्ही महिन्याला किती तास उडता ते पत्रात नाही, पण तिघांचेही व्यवसाय पाहता विमान आठवडेच्या आठवडे उभं असावं असा माझा अंदाज आहे. बऱ्याच सेसनांमध्ये घड्याळ आणि पंखाखालचे छोटे दिवे मास्टर स्विचच्या (विमानाच्या मुख्य विजेच्या बटणाच्या) आधीच बॅटरीला जोडलेले असतात. मास्टर बंद असला तरी घड्याळ पितच असतं, आणि ते दिवे चालू राहिले तर तेही. उतरलेली बॅटरी तशीच पडू दिली की प्लेटांवरचं शिशाचं सल्फेट टणक होतं आणि मग ते चार्जरने सहजी मोकळं होत नाही. विमानाच्या सीलबंद बॅटरीसाठी मान्य असलेला, तापमान पाहून व्होल्टेज बदलणारा चार्जर घ्या. वीज जाऊन आल्यावर तो आपोआप चालू होतो का, हे दुकानातच विचारा. आपल्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा.

नवी बॅटरी घेताना पेटीबरोबर अमेरिकी विमान-नियामकाचा एफएए फॉर्म ८१३०-३ किंवा युरोपीय नियामकाचा ईएएसए फॉर्म १ यांपैकी योग्य कागद आहे का ते पाहूनच पैसे द्या. पार्सल उघडल्यावर पहिलं काम व्होल्टमीटर लावायचं. गोदामात पडून उतरलेली असेल तर बसवण्याआधी पुस्तकाप्रमाणे भरावी लागते. जुनीपेक्षा दुसऱ्या मॉडेलची असेल तर ती तुमच्या विमानाला मान्य आहे का ते तपासून घ्या, आणि वजन बदललं तर विमानाचा वजन-तोलाचा कागदही बदलावा लागतो. अमेरिकेत खासगी विमानाचा मालक-पायलट स्वतः बॅटरी बदलू शकतो, तिथल्या नियमात तशी तरतूद आहे. ते व्हिडिओ पाहून इथे पाना हातात घेऊ नका. काम परवानाधारक इंजिनिअरकडूनच करून घ्या, लॉगबुकात नोंद आणि त्यांची सही हवी. जुनी बॅटरी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत ठिकाणीच जायला हवी.

खर्च तिघांत वाटला जाईल. ती पंचवीस मिनिटं मात्र त्या दिवशी कॉकपिटमध्ये जो बसलेला असेल त्याच्या एकट्याच्या वाट्याला येतील.

प्रश्न : माझं परभणीला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रॅक्टर, ट्रक, इन्व्हर्टर, सगळ्या बॅटऱ्या हाताखालून गेल्या. जुन्या छोट्या विमानात १२ व्होल्टचीच बॅटरी असते म्हणे. मग १२ व्होल्ट ते १२ व्होल्ट. ट्रॅक्टरची बॅटरी विमानाला कामून चालत नाही? (एक दुकानदार, परभणी)

उत्तर : भाऊ, तुमच्यासारखा प्रश्न शिकाऊ इंजिनिअरांनी विचारावा असं मला फार वाटतं. १२ व्होल्ट तेच, शिसं तेच, गंधकाम्ल तेच, हे तुमचं खरं आहे.

फरक वजनापासून सुरू होतो. ट्रॅक्टरला बॅटरी जड असली तरी फरक पडत नाही. विमानाला एकेक किलोचा हिशेब असतो, म्हणून प्लेटा पातळ आणि दाटीने लावलेल्या असतात, आम्लही जास्त दाट. गिलच्या पाणी घालायच्या बॅटरीत भरताना आम्लाची घनता १.२८५ असते. तुमच्या हायड्रोमीटरवर हा आकडा तुम्हाला जास्त वाटेल, कारण उष्ण प्रदेशातल्या गाड्यांना आपण त्याहून पातळ भरतो. दाट आम्लामुळे कमी वजनात ताकद मिळते, आणि त्याची किंमत आयुष्यात मोजावी लागते.

दुसरं, विमान वाकडं होतं, हेलकावे खातं. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या बुचातून अशा वेळी आम्ल बाहेर येईल. ते पडेल ॲल्युमिनियमवर, आणि काही जुन्या पायपर विमानांत तर बॅटरी मागच्या सीटखाली असते. विमानाच्या बॅटरीची बुचं वाकड्या स्थितीत बंद होतील अशी केलेली असतात, आणि पेटीला बाहेर जाणारी नळी असते, तिच्यातून वायू आणि आम्लाची वाफ विमानाच्या अंगाबाहेर जाते. ती नळी बुजली की पेटी आतून खायला लागते. तिसरी गोष्ट मान्यतेची. त्या विमानाच्या प्रकारासाठी जी बॅटरी मंजूर आहे तीच बसते. मंजूर नसलेली बसवली की त्याक्षणी विमानाची उडण्याची योग्यता संपली, आणि काही झालं तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच दाखवेल.

तुमचं कसब मात्र विमानाजवळ जसंच्या तसं उपयोगी आहे. केबल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, बुचं घट्ट लावून, कारण सोड्याचा एक थेंब आत गेला तर तो सेल बिघडलाच. पेटीतला गंज खरवडून आम्ल न लागणारा रंग द्यायचा. आणि पाणी डिस्टिल्डच. हे तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता हे मला ठाऊक आहे, तरी परत लिहितो, कारण मराठवाड्यात बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं आणि लोक म्हणतात, ‘आरओचं तर आहे.’ आरओच्या पाण्यातही क्षार राहतात. ते प्लेटांवर बसतात आणि तिथेच राहतात. पाणीही बॅटरी पूर्ण भरल्यावरच घालायचं. उतरलेल्या बॅटरीत काठोकाठ घातलं की चार्जिंगला लावल्यावर पातळी चढते आणि आम्ल बाहेर येतं. आम्ल फक्त पहिल्यांदा भरताना, त्यानंतर कधीही नाही.

प्रश्न : मी वैमानिकाचं प्रशिक्षण घेते. आमच्या इथल्या सेसना १५२ चा मास्टर रात्रभर चालू राहिला. सकाळी बॅटरी पूर्ण उतरलेली होती. बाहेरून दोन बॅटऱ्या जोडून इंजिन चालू केलं आणि मला लगेच सोलो सर्किटला (एकटीने धावपट्टीभोवती फेरी मारायला) पाठवलं. ‘उडता उडता चार्ज होईल’ असं सांगितलं. सगळं ठीक झालं, पण मनात शंका राहिली. (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : बेटा, तुझी शंका रास्त आहे. तुला त्या विमानात पाठवायला नको होतं.

कारण समजून घे. अल्टरनेटरला स्वतः वीज निर्माण करण्याआधी थोडी वीज बाहेरून लागते, ती बॅटरीकडून येते. बॅटरी अगदीच मेलेली असेल तर तिला विमानाशी जोडणारा विजेचा स्विच, कॉन्टॅक्टर, तोही ओढला जात नाही, आणि इंजिन फिरत असूनही अल्टरनेटर कामाला लागेलच असं नाही. लागला, तरी मेलेल्या बॅटरीत तो एकदम प्रचंड करंट ढकलतो, ती तापते. सर्किटच्या थोड्या वेळात ती भरत नाही. म्हणजे तू हवेत होतीस तेव्हा तुझ्याकडे राखीव वीज अशी नव्हतीच. अल्टरनेटर गेला असता तर रेडिओ आणि फ्लॅप त्याच क्षणी गेले असते. १५२ ला मॅग्नेटो आहेत म्हणून इंजिन तरी राहिलं असतं.

सगळ्या इंजिनांचं तसं नसतं. मार्च २००७ मध्ये जर्मनीतल्या श्पायर इथे एका डायमंड डीए-४२ या दोन इंजिनांच्या विमानाची मुख्य बॅटरी उतरलेली होती. दोन्ही डिझेल इंजिनं बाहेरच्या विजेवर चालू केली. उड्डाणानंतर चाकं आत घ्यायला सुरुवात होताच व्होल्टेज क्षणभर कोसळलं, इंजिनं सांभाळणारे संगणक बंद पडले आणि दोन्ही इंजिनं एकदम थांबली. सुदैवाने जीव वाचले. त्यानंतर त्या संगणकांसाठी वेगळ्या राखीव बॅटऱ्या बसवण्यात आल्या. पुढे तू अशी नवी विमानं उडवशील, तेव्हा हे लक्षात असू दे.

खोलवर उतरलेली बॅटरी विमानातून काढायची, बाकावर निर्मात्याच्या पद्धतीने भरायची, मग क्षमतेची चाचणी. पास झाली तर परत बसवायची. त्यात एक-दोन दिवस जातात, सर्किटं बुडतात. बुडू देत. हे तू नम्रपणे तुझ्या प्रशिक्षकांना विचार, आणि उत्तर पटलं नाही तर संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्यांकडे लेखी दे. विद्यार्थिनीला ‘मी हे विमान घेत नाही’ म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे.

मास्टर चालू राहू नये म्हणून दोन सवयी लाव. विमानावरच्या फिरत्या लाल दिव्याचा स्विच कायम चालू ठेवायचा, तुमच्या चेकलिस्टला मंजूर असेल तर. मग मास्टर राहिला की दिवा राहतो, आणि हँगरकडे चालत जाताना मागे वळून पाहिलं तरी तो दिसतो. दुसरं, सगळं बंद केल्यावर दार लावण्याआधी कान दे. मास्टर चालू असेल तर टर्न कोऑर्डिनेटरच्या (वळण दाखवणाऱ्या काट्याच्या) आत फिरणाऱ्या जायरोची बारीक घूं घूं ऐकू येते.

प्रश्न : लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या असतात. छोट्या विमानात त्या का वापरू नयेत? (एक वाचक, जालना)

उत्तर : तुमच्या विमानाच्या नेमक्या मॉडेलसाठी मंजुरी असेल तर वापरता येतात. लिथियमचं नाव निघालं की लोकांना बोइंग ७८७ आठवतं. जानेवारी २०१३ मध्ये बॉस्टनला उभ्या असलेल्या ७८७ च्या बॅटरीला आग लागली, नऊ दिवसांनी जपानात दुसऱ्या विमानाला बॅटरीच्या धुरामुळे ताकामात्सूला उतरावं लागलं, आणि जगभरची ७८७ विमानं, आपल्या एअर इंडियाचीही, जमिनीवर बसली. त्या बॅटऱ्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या होत्या. छोट्या विमानांसाठी येतात त्या बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, त्या जास्त स्थिर असतात आणि त्यांच्या आत स्वतःचं नियंत्रण-सर्किट असतं. तरीही इथल्या उन्हात, फायरवॉलजवळ, निर्मात्याने दिलेली तापमानाची मर्यादा पाळली जाते का हे आधी मोजा. मी स्वतः अजून सीलबंद शिशाचीच सुचवतो.

प्रश्न : ईएलटीच्या बॅटरीची तारीख उलटली आहे, पण टेस्टचा दिवा हिरवा लागतो. चालेल का? (एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरिंगचा, विद्यार्थी, बीड)

उत्तर : चालणार नाही. ईएलटी म्हणजे अपघातानंतर आपोआप हाक देणारा ट्रान्समीटर, आणि त्याची बॅटरी वेगळी असते, मुख्य बॅटरीशी तिचा संबंध नाही. अमेरिकी नियमाप्रमाणे एकूण एक तास वापर झाला किंवा तिच्या उपयुक्त आयुष्याचा अर्धा काळ संपला की ती बदलायची, आणि पुढची तारीख पेटीच्या बाहेरही लिहायची आणि लॉगबुकातही. हिरवा दिवा काही सेकंदांचा असतो. त्या पेटीला प्रत्यक्षात थंडीत, चिखलात, उलट्या पडलेल्या विमानात तासन् तास हाक मारायची असते. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या हाका ऐकत नाहीत, फक्त ४०६ च्या. आपल्याकडे त्या बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात येतात. म्हणून खात्री करायला म्हणून ती पेटी कधीही प्रत्यक्ष चालू करू नका, पुस्तकात दिलेली स्व-चाचणीच करा. उद्या सकाळी पहिलं काम म्हणून नवी बॅटरी मागवा, आणि ती बसेपर्यंत ते विमान उडण्यालायक नाही असं लॉगबुकात लिहायला तुमच्या वरिष्ठांना सांगा.